सामन्यापूर्वीची चाळीस मिनिटे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने विद्यालयाच्या क्रीडापरंपरेविषयी लिहिण्याची सूचना केली, तेव्हा ढाली, करंडक आणि विजयांची वर्षे यांची जंत्री आमच्याकडून अपेक्षिली गेली असावी. ती जंत्री कार्यालयातील काचेच्या कपाटात मांडलेली आहेच. माजी विद्यार्थी येतात तेव्हा प्रथम तेथेच उभे राहतात, हे आम्ही जाणतो. परंतु इतिहास शिकविणाऱ्या माणसाला विजयांपेक्षा नोंदवह्यांचे वेड अधिक. बास्केटबॉल संघाचे व्यवस्थापक म्हणून आम्ही गावोगाव हिंडलो ते प्रत्येक वेळी एक जाडजूड फाइल काखोटीला मारून. प्रवेशअर्ज, छायाचित्रे, बोनाफाईड, जन्मनोंदींचे उतारे असे सारे तीत असते. मैदानावर काय करायचे ते मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पाहून घेतात. आमचा सामना त्याआधीच, टेबलापाशी खेळला जातो, आणि त्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

प्रेक्षकाच्या दृष्टीने सामना सुरू होतो तो मध्यवर्तुळात चेंडू वर फेकला जातो तेव्हा. नियमपुस्तकाच्या दृष्टीने तो बराच आधी सुरू झालेला असतो. आपल्याकडे हा खेळ आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांनी खेळला जातो. त्यांनुसार नियोजित वेळेच्या किमान ४० मिनिटे आधी दोन्ही प्रशिक्षकांनी खेळाडूंची नावे आणि जर्सीचे क्रमांक यांची यादी गुणलेखकाकडे द्यावयाची असते. नावे जास्तीत जास्त १२, आणि कर्णधार कोण तेही त्याच यादीत. किमान १० मिनिटे आधी प्रशिक्षक स्कोअरशीटवरील नोंदी तपासून स्वाक्षरी करतो आणि आरंभीच्या पाच खेळाडूंच्या क्रमांकाशेजारी लहानशी फुली मारतो. ते पाच जण प्रत्यक्ष मैदानात उतरले की गुणलेखक त्या फुल्यांभोवती वर्तुळे काढतो. पंचांनी २० मिनिटे आधी मैदानावर पोहोचावयाचे असते, आणि ते पोहोचतात त्या क्षणापासून त्यांचा अंमल सुरू होतो. चेंडू अजून पिशवीत असला तरी चालेल. त्या क्षणानंतर कोणी अर्वाच्य बोलले किंवा अंगावर धावून गेले तर पंच तांत्रिक चूक, म्हणजे टेक्निकल फाउल, देऊ शकतात. मग सामना सुरू होण्यापूर्वीच प्रतिस्पर्ध्याला एक फ्री थ्रो मिळतो आणि त्यानंतर नेहमीप्रमाणे जंप बॉल होतो.

यादीत नाव असलेला खेळाडू उशिरा आला तरी त्यास खेळता येते, ही तरतूद आमच्या विशेष प्रेमाची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळी नऊचा सामना आणि आमच्या गावची पहिली एसटी सहाला, तीही आली तर. मात्र नियोजित वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडूसुद्धा उभे करता आले नाहीत, तर सामना हातचा जातो. निकाल लिहिला जातो २० विरुद्ध ०. घामाचा एक थेंबही न गाळता वीस गुणांनी हरण्याची सोय याच खेळात आहे. एसटीच्या चालकास हा नियम समजावून सांगण्याचा आम्ही एकदा प्रयत्न केला होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि गाडी त्याच वेगाने हाकली.

त्या वीस मिनिटांत पंच काय पाहतात? पाठीवर आणि छातीवर क्रमांक आहे ना, जर्सी आत खोचली आहे ना, जर्सीखाली बाह्यांचा सदरा घातलेला नाही ना. नखे कापली आहेत का. कानात, नाकात, गळ्यात, हातात काही आहे का. दागिने चालत नाहीत. एका स्पर्धेत पंचांनी आमच्या एका मुलीच्या मनगटावरचा पांढरा धागा काढावयास सांगितला. आदल्याच आठवड्यात विद्यालयात परित्राणपाठ झाला होता आणि भन्तेजींनी तो स्वहस्ते बांधला होता. मुलीचा चेहरा उतरला. तेवढ्यात पंच समोरच्या संघाकडे वळले आणि तेथील तिघींच्या हातांतले लाल धागे, एकीच्या गळ्यातला ताईत आणि कर्णधाराच्या हातातले कडे उतरविण्यास त्यांनी त्याच आवाजात सांगितले. आमच्या मुलीने दातांनी गाठ सोडविली, धागा आमच्या फाइलमध्ये ठेवावयास दिला आणि ती खेळावयास गेली. पंचांनी ना तिला दटावले, ना समोरच्यांना. कोणाचा धागा कोणत्या श्रद्धेचा याची चौकशीही केली नाही.

सामन्यापूर्वीच्या उणिवा शिक्षेसाठी नसून दुरुस्तीसाठी असतात, ही फिबाच्या नियमांतील दृष्टी आम्हांस फार शहाणपणाची वाटते. जर्सीचा क्रमांक एक आणि यादीत दुसराच, असे सामन्याआधी ध्यानात आले तर यादी दुरुस्त करतात. अनवधानाने एखादे नाव राहिले असेल तर ते लिहून घेतात. शिक्षा नाही. सामना सुरू झाल्यावर मात्र फरक पडतो. चुकीचा क्रमांक तेव्हाही सुधारता येतो. राहून गेलेले नाव त्यानंतर घालता येत नाही, मग तो खेळाडू जर्सी घालून बाकावर बसलेला का असेना. अमेरिकेतील शालेय सामन्यांचे नियम याहून कडक. तेथे यादी उशिरा दिली, वेळ टळल्यावर तीत बदल केला, किंवा गणवेश नियमबाह्य निघाला, तर थेट टेक्निकल फाउल. त्यांच्या शालेय बास्केटबॉलमध्ये सहा ते नऊ हे अंक जर्सीवर चालत नाहीत, हेही मुलांना सांगितले की त्यांना मोठी मौज वाटते. कारण साधे आहे: पंचाने टेबलाकडे वळून बोटांनी क्रमांक दाखवावयाचा, आणि एका हाताला बोटे पाचच.

या खेळाचा जन्म डिसेंबर १८९१ मधला, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथला. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात बंद खोलीत खेळता यावे म्हणून तेरा नियम लिहिले, पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि वर्गातील अठरा जणांचे नऊ-नऊचे दोन संघ केले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये महू येथे बाबासाहेबांचा जन्म झालेला होता. इतिहासाच्या शिक्षकास अशा योगायोगांचा मोह होतो. त्यातून सिद्ध काहीच होत नाही, हेही त्यालाच ठाऊक असते. सांगण्याजोगी गोष्ट निराळी. त्या तेरा नियमांत अधिकारी दोन होते. एकाने खेळाडूंवर लक्ष ठेवावयाचे आणि चुका मोजावयाच्या. दुसऱ्याने चेंडूचा न्याय करावयाचा. म्हणजे माणसांचा निवाडा आणि चेंडूचा निवाडा ही दोन कामे आरंभापासून वेगळी मानलेली होती. पण तेथेही माणसांचा निवाडा म्हणजे त्यांच्या मैदानावरील वर्तनाचा निवाडा. कोण खेळण्यास पात्र, हे ठरविण्याचे काम त्या दोघांपैकी कोणाकडेही दिलेले नव्हते.

आजही ते पंचाकडे नाही. आमच्या पालकांपैकी अनेकांचा समज उलटा आहे, म्हणून हे सविस्तर सांगतो. फिबाचा नियम असा की वयोमर्यादेसह स्पर्धेच्या आयोजक संस्थेचे जे नियम असतील त्यांनुसार ज्याला खेळण्याची अनुमती मिळाली, तो खेळाडू पात्र. पात्रतेचा निर्णय आयोजकांचा. पंच यादीतील नाव आणि समोर उभा असलेला खेळाडू यांचा मेळ घालतात, अंगावरचे साहित्य पाहतात. उंची, मिशा किंवा आडनाव यांवरून ते कोणास अपात्र ठरवू शकत नाहीत. प्रतिपक्षाला शंका असेल तर तिलाही वाट ठेवलेली आहे. निषेध ज्या कारणांसाठी नोंदविता येतो, त्यांत पात्रतेच्या नियमांचा भंग हे एक कारण स्पष्टपणे दिलेले आहे. सामना संपल्यावर १५ मिनिटांच्या आत कर्णधाराने स्कोअरशीटवरील त्यासाठीच्या रकान्यात स्वाक्षरी करावयाची, मग लेखी कारणे द्यावयाची आणि शुल्क भरावयाचे. मुख्य पंच आपला अहवाल पाठवितो. निवाडा होतो तो दुसऱ्या टेबलावर, कागद समोर ठेवून, आरडाओरडा ओसरल्यावर.

ही वाट कागदावर असणे आणि कोणीतरी ती पाळणे यांत किती अंतर असते, ते आम्ही काही वर्षांपूर्वी एका जिल्हास्तरीय स्पर्धेत पाहिले. सतरा वर्षांखालील मुलींचा सामना. आमच्या संघातील एक मुलगी उंचपुरी, हाडापेराने मजबूत. वॉर्मअप चालू असतानाच प्रतिस्पर्धी संघाचे प्रशिक्षक टेबलापाशी आले आणि तिच्या अर्जावर बोट ठेवून मोठ्याने म्हणाले, "ही पोरगी सतराच्या आतली दिसते तरी का? आणि तारीख बघा, एक जून. या वसतिगृहवाल्यांच्या सगळ्या पोरी एक जूनलाच जन्माला येतात." आजूबाजूचे हसले. ती मुलगी टोपलीखाली उभी होती, आणि तिने ते ऐकले होते.

एक जूनची ही गोष्ट आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांतील कित्येकांच्या दाखल्यावर तीच तारीख असेल. जूनमध्ये शाळा उघडणार, पोराचे वय पूर्ण दिसले पाहिजे, आईला आठवते ते एवढेच की त्या साली पाऊस लांबला होता. मग गुरुजी एक जून लिहीत. तेवढ्याने मूल पटावर आले. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. पण कायदा झाला म्हणून तो पालावर, तांड्यावर आणि उसाच्या फडावर त्याच साली पोहोचला असे नव्हे.

मुख्य पंच एक तरुण बाई होत्या. वयाने आमच्या माजी विद्यार्थिनी शोभाव्यात एवढ्या. त्यांनी यादी पाहिली, अर्ज पाहिला, छायाचित्राशी चेहरा ताडून पाहिला आणि आवाज न चढविता सांगितले, "सर, यादीत नाव आहे, अर्जावर आयोजकांचा शिक्का आहे. ती खेळेल. तुमची हरकत असेल तर सामना संपल्यावर कर्णधाराची सही घ्या." प्रशिक्षकांनी पुन्हा काही बोलण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बाईंनी घड्याळाकडे पाहिले आणि आरंभीच्या पाच जणींच्या खुणा अजून झालेल्या नाहीत याची त्यांना आठवण दिली. मुलीच्या बाजूने त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. तिची कणव करण्याचे कारण नव्हते आणि तिच्यावर संशय घेण्याचा अधिकार नव्हता.

सामना आम्ही चार गुणांनी जिंकला. समोरच्या संघाच्या कर्णधाराने, तीही सोळा वर्षांची पोरच, थोडे थबकून त्या रकान्यात सही केली. स्पर्धा समिती बसली. कोणीतरी हाडांची तपासणी करण्याची सूचना केली. मनगटाच्या क्ष-किरण छायाचित्रावरून हाडांची परिपक्वता मोजण्याची एक पद्धत आहे. टीडब्ल्यू-थ्री या नावाने ती ओळखली जाते आणि आपल्या क्रिकेट मंडळाच्या वयोगट स्पर्धांतही वापरली जाते. उपयोगाची आहे, परंतु ती हाडाचे वय सांगते, जन्माची तारीख सांगत नाही. समितीने प्रथम पहिलीच्या प्रवेशाचा मूळ उतारा मागविला. आमचे एक सहकारी मोटारसायकलीवर निघाले आणि त्या मुलीच्या पहिल्या शाळेतून, मुख्याध्यापकांना शेतातून बोलावून आणून, जनरल रजिस्टरचा साक्षांकित उतारा घेऊन रात्री परतले. नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती. तेव्हा या पोरीने बास्केटबॉल पाहिलाही नव्हता. हरकत फेटाळली गेली.

त्या रात्री मुक्कामाच्या शाळेत, अंथरुणे घालून झाल्यावर, मुलीने आम्हांस विचारले, "सर, मग माझी खरी तारीख कोणती?" तिची आजी सांगत असे की तिचा जन्म फडावरच्या कोपीत झाला, पाडव्याच्या आगेमागे, कारखान्याचा पट्टा पडायला पंधरवडा उरला असताना. आम्ही तिला सांगितले की तुझा जन्मदिवस आजीपाशी आहे आणि एक जून ही तुझ्या शाळेत येण्याची तारीख आहे. पंच दुसरीच तपासतात, कारण दोन्ही बाजूंना सारखी दाखविता येईल अशी तीच आहे. तिचे समाधान झाले की नाही, सांगता येत नाही. पुढचा सामना आम्ही हरलो, तो मात्र निव्वळ खेळून.

वयचोरी होतच नाही असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. ती होते, सर्रास होते, आणि तिची झळ खऱ्या वयाच्या मुलांनाच बसते. चौदा वर्षांखालच्या संघात मिसरूड फुटलेले गडी आम्ही पाहिलेले आहेत. केंद्र शासनाने २०१० मध्ये या गैरप्रकाराविरुद्ध राष्ट्रीय संहिता आणली ती उगाच नव्हे. पण चोरी पकडणे हे चौकशीचे काम आहे, आणि चौकशी टेबलापाशी, मुलीच्या अंगाकडे बोट दाखवून, होत नसते.

लिखित पात्रतेचे मोल ज्यांना अलिखित पात्रतेचा अनुभव आहे त्यांनाच नीट कळते. पळवणकर बाळू हे डावखुरे फिरकी गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळवून आले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीही मिळाले नाही. क्रिकेटच्या कोणत्याही नियमपुस्तकात त्यांच्याविरुद्ध एक ओळ नव्हती. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते पद १९२३ मध्ये मिळाले, तेही आधी बरीच खळखळ झाल्यावर.

बास्केटबॉलच्या जगातही याचा जोडीदार प्रसंग आहे. अमेरिकेतील मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा संघ सगळा गोऱ्यांचा. १९५९, १९६१ आणि १९६२ या तिन्ही वर्षी आपल्या विभागात अव्वल ठरूनही तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला नाही, कारण तेथे कृष्णवर्णीय खेळाडू असलेल्या संघाशी गाठ पडण्याचा संभव होता आणि तसे खेळावयाचे नाही असा त्या राज्यातील अलिखित दंडक होता. १९६३ मध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी संघ पाठविण्याचे ठरविले. राज्याच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळविण्यात आला. तो बजावला जाण्यापूर्वीच संघ गुपचूप राज्याबाहेर पडला. १५ मार्च १९६३ रोजी मिशिगनमधील ईस्ट लान्सिंग येथे शिकागोच्या लोयोला विद्यापीठाशी त्यांचा सामना झाला. लोयोलाच्या आरंभीच्या पाचांत चौघे कृष्णवर्णीय. चेंडू वर जाण्यापूर्वी जो डॅन गोल्ड आणि जेरी हार्कनेस या दोन कर्णधारांनी हस्तांदोलन केले आणि छायाचित्रकारांचे दिवे लखलखले. लोयोलाने तो सामना ६१-५१ असा जिंकला आणि पुढे विजेतेपदही मिळविले. पंचांपुढे त्या दिवशी अडचण कसलीच नव्हती. दहाच्या दहा खेळाडू नियमाप्रमाणे पात्र होते. जो नियम त्यांना अडवीत होता तो त्यांच्या पुस्तकात नव्हताच.

येथवर आम्ही पंचाच्या मर्यादित अधिकाराची बाजू घेतली. तिची दुसरी कडा झाकून ठेवणे बरे नव्हे. फिबाच्या नियमांत पंचांना नियमात कोणताही बदल मान्य करण्याचा अधिकार नाही, असे स्वच्छ लिहिलेले आहे. याच नियमांत डोक्यावर आच्छादन घालण्यास मनाई होती. कारण दिले जाई सुरक्षिततेचे. जुलै २०१४ मध्ये चीनमधील वुहान येथे फिबा आशिया चषकाच्या वेळी जपानविरुद्धच्या सामन्यापूर्वी भारताच्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरविण्यास सांगण्यात आले. यापूर्वी आंतरराष्ट्रीय सामन्यांत ते पगडीसह खेळलेले होते. त्यांनी पगड्या उतरविल्या, केस बांधले आणि ते खेळले. याच स्पर्धेत भारताने यजमान चीनला ६५-५८ असे हरविले; परंतु आपल्याकडे चर्चा राहिली ती पगडीचीच, आणि ती रास्त होती. दोन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, इंचॉन येथील आशियाई खेळांत कतारच्या महिला संघास मंगोलियाविरुद्धच्या सामन्यापूर्वी हिजाब काढण्यास सांगितले गेले. त्यांनी नकार दिला आणि सामना सोडून दिला.

वुहानचे पंच दोषी होते काय? माजी विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात यावर आमचा चांगला तासभर वाद झाला होता. एका माजी विद्यार्थ्याचे म्हणणे, माणसाने अशा वेळी नियम बाजूला ठेवावा. आमचे मत तसे नाही. जो पंच आपल्या मनाने एकाची पगडी राहू देतो, तोच दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने एखादीची एक जून नाकारील. मात्र नियम तोच आणि पंचागणिक त्याचा अर्थ वेगळा, हा प्रकार आम्हांस नियमाहूनही जाचक वाटतो. त्या दोघांच्या पगड्या आधीच्या सामन्यांत डोळ्यांआड झाल्या आणि ऐन मोठ्या स्पर्धेत एकाएकी दिसू लागल्या. २०१७ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यातही हेच घडले. एक शाळकरी मुलगी हंगामातले २४ सामने हिजाब घालून आपल्या संघात होती. विभागीय अंतिम सामन्याच्या वेळी पंचांनी नियमावर बोट ठेवून लेखी परवानगी मागितली आणि तिला बाकावर बसावे लागले. चोवीस सामन्यांत ज्यांनी तो नियम वाचला नाही, त्यांनी तिच्यावर दया केली असे म्हणता येईल. पण दयेचा कागद होत नाही, आणि पंचविसाव्या सामन्यात तिच्या हाती दाखवावयास काही नव्हते.

तेव्हा बदलावयाचा होता तो नियम, आणि तो बदलण्याची जागा मैदान नव्हती. खेळाडूंनी, संघटनांनी, अनेक देशांतील लोकांनी निवेदने दिली, सह्या गोळा केल्या. सप्टेंबर २०१४ मध्ये फिबाने राष्ट्रीय स्पर्धांपुरती प्रायोगिक सवलत दिली. ४ मे २०१७ रोजी हाँगकाँग येथील अधिवेशनात नवा नियम संमत झाला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून तो लागू झाला. शिरस्त्राण काळे, पांढरे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे. संघातील सर्वांचे एकाच रंगाचे असावे. त्याने चेहरा झाकला जाऊ नये. चेहऱ्या-मानेभोवती त्यास गुंड्या-बंद नसावेत. त्याचा कोणताही भाग बाहेर आलेला नसावा. घालणाऱ्यास किंवा दुसऱ्यास इजा होऊ नये. म्हणजे आता पंच सामन्यापूर्वी पगडीचा रंग आणि तिची गाठ पाहतो. ती का घातली, हे विचारण्याचे कारण त्याला उरलेले नाही. तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांत ज्यांचे खेळण्याचे वय सरले असेल, त्यांना या अधिवेशनाचा काय उपयोग, असा प्रश्न आमच्या नववीतील एका मुलीने वर्गात विचारला होता. आम्ही तो फळ्यावर लिहून ठेवला. उत्तर देण्याची घाई केली नाही.

असो. या स्मरणिकेच्या प्रकाशनादिवशी सायंकाळी पाच वाजता माजी विद्यार्थी विरुद्ध आजी विद्यार्थी असा सामना ठेवलेला आहे. मुख्य पंच म्हणून जिल्ह्याच्या टेबलावर बसणारी आपलीच एक माजी विद्यार्थिनी येणार आहे, आणि ती ओळख दाखविणार नाही अशी आमची खात्री आहे. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या बारा जणांची नावे आणि क्रमांक चार वाजून वीस मिनिटांच्या आत टेबलावर द्यावेत. अंगठ्या, साखळ्या, घड्याळे आणि मनगटावरचे धागे घरी ठेवून यावे. जागेवर काढावे लागले तर आमची फाइल आहेच. नखे कापून यावे. पोट कितीही सुटले असले तरी जर्सी आत खोचावी लागेल, याची विशेष नोंद घ्यावी. ज्यांची एसटी उशिरा येईल त्यांनी यादीत नाव मात्र आधी कळवावे; तेवढे असले की दुसऱ्या सत्रातही उतरता येते. वयाचा दाखला कोणी मागणार नाही.